सात महिन्यांपूर्वी पुरलेला देह बाहेर काढून काही कळतं का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. विचारणाऱ्याच्या थोरल्या भावाचा सात महिन्यांपूर्वी मृत्यू झाला. दोन दिवस उलट्या-जुलाब, एक रात्र तालुक्याच्या खासगी दवाखान्यात, घरी आणल्यावर पहाटे गेला. दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलंय. पीएम, म्हणजे शवविच्छेदन, झालं नाही. घर लिंगायत, त्यामुळे शेतातच खड्डा घेऊन देह बसवला आणि मीठ, विभूती घालून माती दिली. आता वाटणीच्या भांडणात कुणाच्या तरी तोंडून निघालं की त्याला 'औषध' पाजलं होतं. विचारलंय ते असं : देह बाहेर काढता येतो का, कुणाकडे जायचं, इतक्या महिन्यांनी काही सापडेल का, आणि आई 'त्याला आता उकरू नका' म्हणतेय तिला काय सांगायचं.

देह बाहेर काढता येतो, कायद्यात तशी तरतूद आहे. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. बाहेर काढलेल्या देहाला नेमका कोणता प्रश्न विचारायचा हे ठरलेलं नाही. 'काय झालं होतं ते कळू दे' हा प्रश्न सात महिन्यांनी देहाला विचारता येत नाही. 'डोक्याचं हाड मोडलंय का', 'गळ्याजवळचं लहान हाड अखंड आहे का', 'केसांत आर्सेनिक आहे का' हे विचारता येतं. न्यायवैद्यकात (फोरेन्सिकमध्ये) काम करणारा माणूस आदेशाचा कागद हातात आल्यावर सगळ्यात आधी हेच बघतो : संशय कशाचा आहे, आणि त्या गोष्टीची खूण इतके दिवस टिकणारी आहे का. उत्तर 'नाही' असेल तर खड्डा उघडून घरच्यांच्या हाती पुन्हा एकदा दुःख आणि 'मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही' असं एक वाक्य पडतं.

त्यामुळे जमिनीच्या वर जे आहे ते आधी गोळा करा. दवाखान्यात एक रात्र काढलीय, म्हणजे केसपेपर आहे. रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायची, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरांना दंडक आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्या कागदांत बघायचं ते असं : डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या का, तोंडाला लाळ-फेस, दरदरून घाम, स्नायूंचं फडफडणं, कपड्याला किंवा उलटीला रॉकेलसारखा वास, नाडी मंद. असं लिहिलेलं असेल तर रोख फवारणीच्या औषधाकडे, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटाकडे जातो. अ‍ॅट्रोपिनची, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं दिल्याची नोंद असेल तर तिथल्या डॉक्टरलाही तेव्हा तीच शंका आली होती का, हे पोलिसांनी त्याला विचारायला हवं. तोंडात-घशात फोड आणि लघवी बंद झाल्याची नोंद असेल तर तणनाशक पॅराक्वॅट डोक्यात येतं. दोनतीन दिवसांनी डोळे पिवळे झाले असतील तर उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस. नुसत्या उलट्या-जुलाबांवरून मात्र काही ठरत नाही. आर्सेनिकचं दुखणं आणि साधी गॅस्ट्रो यांत वरवर फरक दिसत नाही, म्हणून तर आर्सेनिक वापरणाऱ्यांचं इतकी शतकं फावलं. ईसीजीची पट्टी असेल तर तीही मिळवा. खरोखर मोठा झटका होता का, हे त्या पट्टीवरून कळण्याची शक्यता सात महिने मातीत राहिलेल्या हृदयापेक्षा कितीतरी जास्त आहे. उलटी लागलेले कपडे, गोधडी, गोठ्यातली बाटली असं काही न धुता राहिलं असेल तर हात न लावता पोलिसांना दाखवा.

आता परवानगी. देह स्वतः उकरायचा नाही, पोलिसांनीही परस्पर उकरायचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ (४) खाली, मृत्यूचं कारण शोधण्यासाठी पुरलेला देह बाहेर काढून तपासण्याचा आदेश दंडाधिकारी देतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १७६ (३) तेच. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तसा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे व्यवहारात बहुतेकदा तहसीलदार, हा आदेश काढतात. तुम्ही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची, संशयाचा आधार लिहायचा, केसपेपरच्या प्रती जोडायच्या. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद किंवा गुन्हा दाखल करून दंडाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवतात. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि तरीही नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम १७५ (३) खाली अर्ज. इथे गावातला वकील लावा, मी डॉक्टर आहे.

आपल्याकडे यासाठी मुदत नाही. सात महिने काय, सात वर्षांनीही आदेश निघू शकतो. पण नुसत्या कुजबुजीवर तो निघत नाही. काश्मीरमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वडिलांना मुलाचा पुरलेला देह बाहेर काढून द्यायला नकार दिला. एकदा दफन झालेला देह सबळ कारणाशिवाय हलवू नये, अशी भूमिका घेतली आणि या विषयावर स्वतंत्र कायद्याचा विचार करा असं केंद्राला सुचवलं. म्हणून अर्जात 'आम्हाला वाटतं' एवढंच असेल तर तो तिथेच पडून राहील. 'केसपेपरवर अमुक लक्षणं आहेत, मृत्यूच्या आधी अमुक घडलं, आणि अमुक तपासणी अजून शक्य आहे' असं लिहा. हे शेवटचं वाक्य कुणी लिहीत नाही, आणि अधिकाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागात जाऊन मत विचारायला हरकत नाही.

शेत तुमचं, खड्डा तुमचा, म्हणून रात्रीतून घरच्या गड्यांनी उकरायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. दफनाच्या जागेची विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे आणि पुरावा नाहीसा केल्याचा आळ कलम २३८ खाली तुमच्यावरच येऊ शकतो. शिवाय एकदा माती हलली की पुढे जे सापडेल त्यावर बचावाचा वकील एकच वाक्य बोलेल : हे नंतर टाकलेलं आहे.

आता देह कोणत्या अवस्थेत असेल. पुस्तकात एक ढोबळ नियम असतो : उघड्यावर एका आठवड्यात जितकं कुजतं तितकं पाण्यात दोन आणि मातीत आठ आठवड्यांत. तो युरोपातल्या हवामानातून आला आहे. आपल्याकडे फरक पाडतात त्या गोष्टी म्हणजे खोली, माती, पाऊस आणि देहासोबत काय घातलं ते. दोन-अडीच फुटांवर पुरलेला देह काही महिन्यांत सांगाड्यापर्यंत येऊ शकतो. पाच-सहा फुटांवर, वर चांगली दाबलेली माती असेल तर मऊ भाग वर्षभरानंतरही थोडेफार उरतात. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, आणि शरीरातल्या चरबीचा पांढुरका, साबणासारखा थर तयार होतो. त्याचा वास घाण असतो पण तो आपला मित्र आहे, कारण देहाचा आकार आणि कधीकधी कातडीवरच्या खुणा तो धरून ठेवतो. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत तसं होत नाही.

तुमच्याकडे मीठ आहे, ही मोठी गोष्ट. मीठ ओलावा ओढतं आणि जंतूंना आवरतं. किती घातलं होतं ते विचारा. दोन पसे आणि चार गोणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भरपूर घातलं असेल तर मिठाला टेकलेला कमरेखालचा भाग बऱ्यापैकी टिकलेला आणि वरचा भाग पार उतरलेला, असं एकाच देहात दिसू शकतं. काही ठिकाणी खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरून त्यात देह बसवतात. तसं असेल तर भोवती पोकळी राहिली होती की ठासून भरलं होतं, हेही सांगा. माती देताना खड्ड्यात उतरलेला माणूस आणि जंगम, म्हणजे विधी करणारा लिंगायत पुरोहित, हे दोघं तपासाच्या दिवशी जागेवर हवेतच, कारण देहाचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि खड्डा किती खोल आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

बसवलेल्या देहाचा एक धोका आहे आणि तो आडव्या कबरी उकरायची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही. आडव्या देहात सगळं एका पातळीवर असतं. बसवलेल्या देहात डोकं सगळ्यात वर. वरून कुदळ मारत गेलं की पहिला घाव कवटीवर बसतो, आणि मग 'डोक्यात मारलं होतं का' या प्रश्नाचं उत्तर त्या घावातच हरवतं. दुसरं असं की स्नायू गळाले की कवटी निखळून मांडीत पडते, खालचा जबडा सुटतो, मानेचे मणके कमरेच्या हाडांत जाऊन बसतात. गळा दाबल्याचा संशय असेल तर ज्या लहानशा, नालाच्या आकाराच्या हाडाकडे बघायचं ते गळ्याच्या जागी नसतं. ते खाली, ओटीच्या मातीत सापडतं, तेही चाळलं तरच.

म्हणून खणायची रीत अशी धरायची. खड्ड्याची कड ओळखून तिच्या बाहेर, एका बाजूला अडीच-तीन फूट रुंदीचा चर घ्यायचा आणि तो देहाच्या बैठकीपेक्षा थोडा खोल न्यायचा. मग बाजूने देहाकडे यायचं. यंत्र आणलं असेल तर ते या बाहेरच्या चरापुरतंच, देहाच्या डोक्यावर नाही. काळ्या मातीची उभी भिंत चार-पाच फुटांनंतर ढासळते, त्यामुळे चराच्या भिंती उतरत्या ठेवायच्या. शेवटची वीतभर माती कुदळ-फावडं बाजूला ठेवून खुरपं, थापी, बांबूची काडी आणि ब्रशने काढायची. विभूतीचे गोळे किंवा मिठाचा थर दिसला की थांबायचं, फोटो काढायचे, मोजपट्टी ठेवून पुन्हा काढायचे. देहाभोवतीची आणि खालची सगळी माती आधी रेतीच्या आणि नंतर बारीक चाळणीतून जाते. हे काम कंटाळवाणं असतं आणि याच टप्प्यावर सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते. बोटांची हाडं, दात, नखं, गळ्याचं हाड, एखादी गोळी किंवा छर्रा हे सगळं इथेच हरवतं.

वेळ सकाळची. उजेडात काम संपलं पाहिजे आणि गाव गोळा व्हायच्या आत कनात उभी राहिली पाहिजे. जागेवर दंडाधिकारी, पोलीस, पंच, डॉक्टर, खड्डा ओळखणारा माणूस आणि जवळचे नातेवाईक असतात. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यावं असं कलम १९६ मध्येच आहे, आणि त्या व्याख्येत आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण आणि पती-पत्नी येतात. म्हणजे तुम्ही येता. भावजयही येते. ज्याच्यावर संशय आहे तो या यादीत बसत असेल तर तोही येऊ शकतो, मनाची तयारी ठेवा.

ओळख पटवणं हा वेगळा टप्पा आहे आणि शेतातली ओळखीची जागा म्हणून तो गाळला जातो. वस्त्र, गळ्यातलं लिंग, करदोटा, बसवलेला दात, पायात जुनी पट्टी किंवा स्क्रू असेल तर तो, हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. देह न हलवता जागेवरचा पंचनामा आधी, उचलणं नंतर. उचलताना हातापायाला धरायचं नाही. खालून फळी किंवा जाड ताडपत्री सरकवून मातीसकट उचलायचं. वास येतो म्हणून कुणी फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर टाकली तर विषाच्या तपासणीचं वाटोळं होतं. वारा जिकडून येतो तिकडे पाठ करून उभं राहायचं, उघडल्यावर थोडा वेळ हवा लागू द्यायची, मास्क आणि जाड हातमोजे घालायचे. एवढं पुरतं.

शवविच्छेदन जागेवर करायचं की शवागारात न्यायचं, हे अवस्थेवर ठरतं. नुसती हाडं असतील आणि प्रश्न मोडण्याचाच असेल तर न्यायवैद्यक विभागात नेऊन, धुऊन, जोडून, एक्स-रे काढून बघणं केव्हाही चांगलं. ताडपत्रीखाली, शंभर माणसं बघत असताना कवटीतली बारीक भेग दिसत नाही. आदेशातच 'शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांकडून' असं लिहून घेता आलं तर घ्या. हाड जिवंतपणी किंवा मृत्यूच्या सुमारास मोडलं की नंतर, हे बरंचसं कळतं. ओल्या हाडाची कड तिरपी, गुळगुळीत असते, भेगा पसरत जातात आणि कडेचा रंग बाकीच्या हाडासारखाच मळलेला असतो. वाळलेलं हाड कुदळीने मोडलं तर कड खडबडीत आणि ताजी पांढुरकी दिसते.

आता तुमचा मूळ संशय, विष. इथे स्पष्ट बोलतो. आर्सेनिक, थॅलियम, पारा, शिसं ही धातुविषं कुजत नाहीत. केस, नखं, हाडं यांत ती वर्षानुवर्षं राहतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर १८५० मध्ये वारले, त्यांच्यावर आर्सेनिकचा प्रयोग झाला होता का हे बघायला १९९१ मध्ये त्यांचं थडगं उघडलं आणि उत्तर मिळालं : जीव घेण्याइतकं नव्हतं. १४१ वर्षांनी 'नाही' असं खात्रीने सांगता आलं, ते प्रश्न धातूचा होता म्हणून. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळासकट उपटलेल्या केसाचे तुकडे करून विष एकदाच दिलं की महिनोन्महिने थोडं थोडं, हेही बघता येतं. मात्र दोन दिवसांत माणूस गेला असेल तर विष केसात पुरेसं उतरलेलंच नसतं, तेव्हा यकृताच्या जागी जे उरलं असेल ते महत्त्वाचं. धोतऱ्याच्या बिया आणि कुचल्यातलं स्ट्रिक्निन हीसुद्धा चिवट मंडळी. एन्ड्रिन, एन्डोसल्फानसारखी जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशकं कुजण्याला दाद देत नाहीत. एन्डोसल्फानवर २०११ पासून बंदी आहे, पण कोठारातल्या जुन्या डब्याला बंदी कळत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेटचं मात्र तसं नाही. ती पाणी आणि जंतूंमुळे फुटत जातात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी सापडतात, कधी नाही. सात महिने, मधे पावसाळा गेलेला, म्हणजे शक्यता कमी. मीठ भरपूर असेल आणि पोटाचा भाग टिकला असेल तर थोडी जास्त. सल्फासच्या, म्हणजे धान्यात ठेवायच्या विषारी गोळीतला वायू उडून जातो. सायनाइड कुजताना नाहीसं होतं आणि काही वेळा कुजण्यातूनच थोडं तयारही होतं. दारूचंही तेच, कुजलेल्या देहात सापडलेली दारू माणूस प्यायला होता असं सिद्ध करत नाही. उशीने तोंड दाबणं, इन्सुलिनचं इंजेक्शन, सर्पदंश यांतलं सात महिन्यांनी हाती लागण्याजोगं जवळजवळ काही नसतं.

केरळमधल्या कूडत्तायीचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. २००२ ते २०१६ या काळातल्या एकाच नात्यागोत्यातल्या सहा मृत्यूंच्या तपासात २०१९ मध्ये थडगी उघडली. २०११ च्या मृत्यूत त्याच वेळी शवविच्छेदन झालं होतं आणि तेव्हाच सायनाइड सापडलं होतं. पुढे बाहेर काढलेल्या चार देहांच्या अवशेषांत ते सापडलं नाही असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिथे काय झालं होतं हे न्यायालय ठरवेल. वैद्यकाच्या बाजूने एवढंच : न सापडणं म्हणजे दिलं नव्हतं असं नाही, आणि हे वाक्य तुमच्या अहवालातही येण्याची तयारी ठेवा.

नमुन्यांवर सगळं अवलंबून असतं, म्हणून थोडं सविस्तर. पोटातले अवयव ओळखू येत असतील तर जठर आणि आतड्याचा भाग आतल्या मालासकट, यकृत सुमारे अर्धा किलो, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात. ओळखू येत नसतील तर पोटाच्या जागी जो काळपट लगदा असतो तो. केस मुळासकट उपटून, कापून नाही. सगळी नखं. मांडीच्या हाडाचा दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा. माश्यांच्या कोशांची रिकामी टरफलं मातीत सापडली तर ती फेकू नका. अळ्यांनी ज्या मांसावर गुजराण केली त्यातलं विष कधीकधी त्या टरफलात उरतं, मांस संपलं तरी. डीएनएसाठी दाढा आणि हाडाचा वेगळा तुकडा, कोरडा, कशातही न बुडवता. फॉर्मेलीनमध्ये घातला की तो डीएनएच्या कामातून गेला.

आणि माती. देहाच्या वरची, खालची, दोन्ही बाजूंची प्रत्येकी सुमारे अर्धा किलो, वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत. शिवाय खड्ड्यापासून पंचवीस-तीस मीटर लांबची, त्याच खोलीवरची एक. देहात आर्सेनिक सापडलं आणि ही लांबची माती घेतलेली नसेल तर ते मातीतूनच आलं असं म्हणता येतं, आणि ते खोडता येत नाही. तुमच्या बाबतीत तर ही शेतजमीन आहे, वर्षानुवर्षं फवारणी झालेली. कीटकनाशक मातीतही असणार. म्हणून लांबची माती एक नाही, दोनतीन ठिकाणची घ्यायला सांगा. खड्ड्यातलं मीठ आणि विभूती यांचेही नमुने वेगळे पाठवा. ही यादी एका कागदावर लिहून डॉक्टरांना नम्रपणे द्या, कुणाला राग येत नाही. आला तर येऊ द्या.

बरण्या सीलबंद करून पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला, बाकी प्रादेशिक. तिथल्या अहवालाला बोलीत अजूनही 'सीएचा (केमिकल अ‍ॅनलायझरचा) रिपोर्ट' म्हणतात. सोबतच्या पत्रात नुसतं 'रासायनिक तपासणीसाठी' लिहिलं तर नेहमीच्या चाचण्या होतात. 'धातुविषं आणि अमुक गटातली कीटकनाशकं यांचा संशय, लक्षणं अशी, पुरल्यापासून इतके महिने, मीठ घातलेलं' असं लिहिलं तर तपासणाऱ्याला दिशा मिळते. हे पत्र पोलीस लिहितात, पण डॉक्टरांच्या टिपणावरून लिहितात.

पावसाचं बोलायचं तर, प्रश्न विषाचा असेल तर थांबू नका, दर महिन्याला शक्यता घटतेय. प्रश्न फक्त हाड मोडण्याचा असेल आणि आदेश ऐन जुलैत निघाला तर काळ्या मातीत चिखलात हात घालण्यापेक्षा दिवाळीनंतर खणणं शहाणपणाचं, हाडं तोवर कुठे जात नाहीत. शेताऐवजी चर्चच्या आवारातली जागा असती तर मी हे म्हटलं नसतं. मुंबई-गोव्याकडे जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांतच तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि आधीची अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. तिथे संशय असेल तर आधी दफनभूमीच्या कार्यालयात लेखी कळवून ती जागा रोखावी लागते.

देह बाहेर काढण्याचं कारण गुन्हाच असतो असं नाही. दवाखान्यातून देहांची अदलाबदल होते, विम्याचा किंवा भरपाईचा दावा अडतो, वारसा आणि पितृत्वाचे वाद होतात. चित्रकार साल्वादोर दालीचं थडगं २०१७ मध्ये एका बाईच्या पितृत्वाच्या दाव्यासाठी उघडलं, केस, नखं आणि हाडं घेतली, आणि दावा खोटा ठरला. अशा कामाला सगळा देह उचलायची गरजही पडत नाही. कारण बदललं की खणायची रीत, नमुने, माणसं सगळं बदलतं. म्हणूनच सुरुवातीपासून प्रश्न काय हे विचारतोय.

तुमच्या माहितीवरून माझं मत असं : आत्ता लगेच खड्ड्याकडे जाऊ नका, पण आठवडाही दवडू नका. या आठवड्यात केसपेपर आणि ईसीजी मिळवा, ते न्यायवैद्यक विभागात दाखवा. लक्षणं धातुविषाकडे किंवा मारहाणीकडे बोट दाखवत असतील तर अर्ज करा, जोर लावा. फवारणीच्या औषधाचीच लक्षणं असतील तरी मिठाचं प्रमाण आणि खड्ड्याची खोली बघून अर्ज करण्यात अर्थ आहे, फक्त आईला आशा दाखवताना हात आखडता ठेवा. कागदांत काहीच नसेल, बाकी पुरावा काही नसेल, आणि संशय फक्त भांडणात निघालेल्या एका वाक्याचा असेल, तर मी उकरायला सांगणार नाही. त्या वाक्याचा तपास पोलिसांनी माणसांना विचारून करायचा असतो.

आईला खरं आहे तेच सांगा. देह नेऊन ठेवून घेत नाहीत. नमुने काढून झाले की बाकीचा देह पंचनामा करून परत देतात, जागेवरच तपासलं तर त्याच दिवशी. त्याच खड्ड्यात, त्याच दिशेला तोंड करून, जंगम बोलावून पुन्हा माती देता येते. तिने जागेवर यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही, ओळख पटवायला तुम्ही पुरेसे आहात. सरकारी आदेशाने होणाऱ्या या कामाचे पैसे घरच्यांनी द्यायचे नसतात, कुणी खणणाऱ्यांच्या नावाने मागितले तर तहसील कार्यालयात विचारा. आणि बरण्या रवाना झाल्या की पोलीस ठाण्यातून जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. अहवालाला महिने लागतात, तेवढ्यात तपास अधिकारी बदलतो, आणि नवा अधिकारी पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतो.